उभ्यानं आवणी

कुंदनने मारलेली थाप तशी काही फार मोठी नव्हती. साल दोन हजार एक. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा पहिला तास चालू होता आणि सरांनी विचारलं, "तुमच्यापैकी घरी शेती कुणाची आहे?" वर्गात चोवीस जण. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचं सातपूरला वर्कशॉप, कुणाचे काका अमेरिकेत. एकही हात वर गेला नाही. कुंदनचा गेला. "सर, आमचं इगतपुरीला भाताचंच सगळं," तो म्हणाला.

आता इगतपुरीला भाताचंच सगळं असतं हे खरं, पण ते कुंदनच्या घरचं नव्हतं. त्याचे वडील रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते आणि राहणं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. त्या घराचा भाताशी संबंध ताटापुरता. पावसाळाभर छातीला मलम चोळून घरात अभ्यास करणारा हा मुलगा चिखलात उतरला असेल तर क्रिकेटचा चेंडू आणायला. मग हात वर का केला? कारण तीन वर्षं झाली तरी सरांना त्याचं नाव नीट आठवत नसे, आणि आपलं म्हणून काहीतरी असावं असं त्याला फार वाटे. एवढंच.

सर मात्र भलतेच खूश झाले. "वा! म्हणजे तुला यूजर शोधत हिंडायची गरज नाही. बाकीच्यांनी पुस्तकं वाचायची, तुझ्या तर अंगातच आहे ते." त्या दिवसापासून वर्ग त्याला 'शेतकरी' म्हणू लागला. हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलेल्या माणसाला खाली उतरायची घाई नसते, तशी ती कुंदनलाही नव्हती.

प्रोजेक्टसाठी त्याने इरलं निवडलं. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, ती आवणी. त्या दिवसांत इगतपुरीकडे पाऊस लागला की चार-चार दिवस मागे हटत नाही, आणि बाया दिवसभर त्यातच काम करतात. तेव्हा डोक्यावरून पाठीवर घेतात ते इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची पानं दाबून बसवलेली, डोक्याशी निमुळतं आणि मागे चांगलं लांबलचक. अलीकडे पुष्कळ जणी प्लॅस्टिकचा कागद घेतात, पण तो वाऱ्याने उडतो नाहीतर फाटतो. मी नवं इरलं करीन, कुंदन म्हणाला, वजनाला हलकं, दिसायला सुबक, दहा वर्षं टिकणारं. वर्षाचे निम्मे मार्क या प्रोजेक्टचे होते. शिवाय पहिल्या आलेल्याला पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत थेट नोकरी, अशी गेल्या तीन वर्षांची रीत होती. कुंदनला ती नोकरी हवी होती. रात्रंदिवस दुसरं काही त्याच्या डोक्यात नसे.

आवणी करणारी बाई म्हणून त्याला एकच ठाऊक होती, भागुबाई. पाड्यावरून डोक्यावर पाटी घेऊन ती क्वार्टर्समध्ये वालाच्या शेंगा, करटुली, काकड्या विकायला यायची. पंधरा वर्षं येत होती. कुंदनच्या आईशी दारात बसून चहा प्यायची आणि त्याच्या हातावर एक काकडी जास्तीची ठेवायची. तो तिला मावशी म्हणे, ती त्याला बाळ्या म्हणे. बाळ्याला इंजिनियरसारखं काहीतरी व्हायचंय आणि त्यासाठी आपली मदत पाहिजे, हे ऐकून ती हरखून गेली.

जूनच्या सुरुवातीला कुंदन टेप आणि वही घेऊन पाड्यावर गेला. पुस्तकात दिलं होतं तसं त्याने भागुबाईला आणि तिच्या शेजारणींना एकेक करून दाराच्या चौकटीला टेकून सरळ उभं केलं. उंची घेतली, खांद्याची रुंदी घेतली, डोक्याचा घेर घेतला, मानेपासून कंबरेपर्यंतची पाठ मोजली. बायांची हसून हसून पुरेवाट झाली.

"चोळ्या शिवतो का काय रं आमच्या?" अंबूबाई म्हणाली. ही पाड्यातली सगळ्यांत वयस्क बाई आणि सगळ्यांत तोंडाळ. आपली पाळी आली तशी ती विचारू लागली, "आन् मी वाकू का? वाकून मोजायचं आसंल ना?"

"नको, नको," कुंदन घाईने म्हणाला, "अगदी सरळ उभ्या राहा." आजीच्या वयाच्या बाईला वाकवून तिच्या मागून टेप धरायचा म्हणजे भलतंच, असं त्याला वाटलं. कानाच्या पाळ्या तापल्या त्याच्या. अंबूबाई ताठ उभी राहिली आणि विषय तिथेच संपला.

जाताना त्याने भागुबाईचं इरलं मागितलं. "आठ दिवसांत आणून देतो, मावशी. नुसता अभ्यास करायचाय."

ती जरा थांबली. ते इरलं तिच्या भावाने, बारकूने विणलेलं होतं. बारकूचा उजवा हात गेल्याच हिवाळ्यात भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला होता, आणि पाड्यात इरलं विणणारा तो एकटाच. पण मागणारा बाळ्या होता. तिने खुंटीवरचं इरलं काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "जपून ने हां. येकच हाय," ती म्हणाली.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कुंदनने ते आठ दिवसांत उसवलं. प्रत्येक कामटीला नंबर दिला, पानं वेगळी केली, गाठी सोडवायच्या आधी त्यांचे फोटो काढले. सगळं बोर्डावर टाचून लावलं तेव्हा सर लांबूनच म्हणाले, "सुरेख." आणि खरंच सुरेख दिसत होतं ते. परत कसं जोडणार हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. तो पडला, पण कुंदनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

अभ्यासातून एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. निम्मं इरलं फुकटच मागे लोंबतं. कंबरेच्या खाली हातभर जातं, पोटऱ्यांवर आपटतं, वजन वाढवतं. ते त्याने छाटलं. कंबरेपर्यंत येणारं, निळ्या चिवट प्लॅस्टिकचं, आत पातळ पाइपांची चौकट, खांद्यांवर पट्टे. नाव ठेवलं 'इरा'. आरशासमोर घालून पाहिलं तर अगदी झोकात दिसत होतं.

वर्कशॉप झाडायला भिका यायचा, त्र्यंबककडचा, भातखाचरांतच वाढलेला. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि निळ्या वस्तूभोवती एक चक्कर मारली. "साहेब, ह्ये आखूड नाय का झालं?"

"भिकाभाऊ, हे डिझाइन आहे," कुंदन म्हणाला. ज्या सुरात म्हणाला, तो सूर पुढे त्याला पुष्कळदा आठवला. भिका 'बरं' म्हणाला आणि झाडू लागला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुंदनने 'इरा' पाड्यावर नेऊन दिली आणि बरोबर दिला एक कागद. हा कागद त्याची सगळ्यांत आवडती कल्पना होती. भागुबाईला लिहितावाचता येत नाही, तर तिचं मत कसं घ्यायचं? कागदावर दहा दिवसांच्या दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन तोंडं, एक हसरं, एक साधं, एक रडकं. शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवायचा आणि रोज संध्याकाळी त्यातल्या एका तोंडावर उमटवायचा.

"म्हणजे जसं वाटेल तसं, मावशी. अगदी खरं खरं. यावर माझे मार्क आहेत," त्याने समजावलं.

"तुझं मार्क यावर?" भागुबाईने कागद दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "आन् माझं जुनं?"

"ते कॉलेजातच आहे अजून. अभ्यास चाललाय." एवढं बोलून त्याने घड्याळात पाहिलं आणि गाडीची वेळ झाल्याचं सांगून तो निघाला.

सहाव्या दिवशी, रविवारी, तो फोटो काढायला गेला. पाऊस असा की बांधावर छत्री धरून उभा असलेला हा माणूस गुडघ्यापर्यंत भिजला. समोर खाचरात सात-आठ बायांची रांग मागे मागे सरकत रोपं लावत होती. सगळ्या कंबरेत वाकलेल्या. जुन्या इरल्याखाली असलेल्यांचे नुसते हात दिसत होते, कारण वाकल्यावर ती लांब शेपटी बरोबर कंबरेवरून खाली छप्परासारखी बसत होती. आणि रांगेच्या टोकाला निळी 'इरा'. भागुबाई वाकली होती आणि 'इरा' सरकून तिच्या खांद्यांवर गोळा झाली होती. खालची सगळी पाठ उघडी, लुगडं तिला चिकटलेलं, आणि निळ्या काठावर साठलेलं पाणी धार धरून नेमकं तिच्या कंबरेवर पडत होतं.

हे कुंदनने पाहिलं. नीट पाहिलं. हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण पुढे बरेच दिवस तो स्वतःला सांगत राहिला की पाऊस फार होता आणि काही दिसत नव्हतं.

मग भागुबाईचं लक्ष गेलं. "बाळ्या आला!" म्हणून ती सरळ उभी राहिली आणि 'इरा' आपसूक जागेवर बसली, अगदी आरशात बसली होती तशी.

"कसं आहे, मावशी?"

"लय ब्येस हाय!" ती ओरडली. तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

ती उभी असतानाच त्याने तिचे सहा फोटो काढले. अंबूबाई रांगेतून ओरडली, "अगं ये बये, वाक आता, रांग आडली!" कुंदनने कॅमेरा बंद केला आणि तो स्टेशनकडे निघाला.

दहा दिवसांनी कागद हातात आला. दहा ओळी, दहा हसरी तोंडं, दहा ठसठशीत अंगठे. ऑगस्टमध्ये आईने एसटीडीवरून बोलताना मध्येच सांगितलं, "अरे, भागुबाई महिनाभर आली नाही. ताप भरला होता म्हणे, छातीत कफ. आवणी अर्धी टाकून निजून होती." कुंदन म्हणाला, "पावसाळ्यात होतंच तसं." आणि मिनिटं वाढतायत म्हणून फोन ठेवला. त्याच आठवड्यात त्याने ती दहा तोंडं मोठी करून बोर्डावर लावली.

डिसेंबरात परीक्षण होतं. बाहेरून एक मॅडम यायच्या होत्या, कडक म्हणून त्यांची ख्याती. सरांनी कुंदनला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या मावशींना बोलावून घे. प्रत्यक्ष यूजर हॉलमध्ये उभी राहिली की दुसरं काही सांगायला नको." कुंदनला 'नको' म्हणायचं होतं, पण त्याला कारण हवं, आणि कारण तर सांगण्यासारखं नव्हतं.

भागुबाई सकाळच्या गाडीने आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डब्यात बाळ्यासाठी तांदळाच्या भाकरी घेऊन. नाशिक रोडहून रिक्षाने येताना ती सारखी विचारत होती, "मी काय बोलायचं?" हॉलच्या दाराशी तिने चपला काढल्या. कुंदन म्हणाला, राहू दे, इथे चालतात, पण ती ऐकेना. इतक्या स्वच्छ फरशीवर चपला घालून जाणं तिला पटेना.

आत गेल्यावर ती पहिल्यांदा थांबली ती बोर्डापाशी. कामट्या नंबरवार टाचलेल्या, पानं प्लॅस्टिकच्या पाकिटांत, सुतळीच्या गाठी एका ओळीत. तिने हात पुढे केला आणि एका गाठीवर बोट ठेवलं.

"ह्यो बारकूचा हात," ती म्हणाली. "उसवलंस व्हय रं?"

"अभ्यासासाठी, मावशी."

"आसू दे," ती म्हणाली, आणि बोट काढून घेतलं.

कुंदनचं सादरीकरण उत्तम झालं. दहा हसऱ्या तोंडांपाशी मॅडम थांबल्या. "एकही दिवस साधा चेहरासुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. "नाही, मॅडम," कुंदन म्हणाला. हॉलमध्ये पन्नास-साठ जण होते, मागे दाराशी चहाचा ट्रे घेऊन भिका.

"मावशी, घालून दाखवा ना," मॅडम भागुबाईला म्हणाल्या. "शेतात कसं काम करता ते दाखवा."

भागुबाईने 'इरा' चढवली, पट्टे ओढले, आणि सवयीने वाकू लागली. हात फरशीकडे निघाले होते. तेवढ्यात तिने मान वळवून कुंदनकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती तशीच अर्ध्यात थांबली, आणि हळूहळू सरळ झाली.

मॅडम कच्च्या नव्हत्या. "आवणी करताना वाकावंच लागत असेल ना? मग पाठीचं काय होतं?"

भागुबाईने हात मांडीशी चिकटवले. शाळेत नाव विचारल्यावर पोरं उभी राहतात, तशी ती उभी होती. "नाय बा," ती म्हणाली. "म्या उभ्यानंच आवणी करते."

सांगणाऱ्यालाही क्षणभर थांबावंसं वाटतं इथे. चाळीस पावसाळे वाकून काढलेली बाई शहरातल्या साठ शिकलेल्या माणसांपुढे म्हणते, मी उभ्याने आवणी करते. आणि हॉलमध्ये कुणालाही हसू येत नाही. सर तर पुढे होऊन म्हणाले, "प्रत्येक भागाची आपापली पद्धत असते, मॅडम." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

कुंदन सुटला होता. मार्क, पहिला नंबर, पुण्याची नोकरी, सगळं त्या एका वाक्याने त्याच्या पदरात पडलं होतं. त्याने सुटकेचा श्वास घेतला आणि नजर वर केली, तर दाराशी भिका. ट्रे हातात, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. तो हसत नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं नको ते दिसलं की माणूस जसं दुसरीकडे पाहतो, तसा तो कपांकडे पाहत होता.

त्या खाली घातलेल्या मानेने कुंदनला काय झालं कोण जाणे. तो खरं बोलला ते काही सत्याची चाड म्हणून नव्हे. या हॉलमध्ये एका माणसाला सगळं कळलंय, हे त्याला सहन झालं नाही.

"मॅडम, उभ्याने आवणी होत नाही," तो मोठ्याने म्हणाला. टाळ्या थांबल्या. "वाकूनच करतात. मी मापं उभ्याने घेतली, ती चूक झाली. वाकलं की हे वर सरकतं आणि सगळं पाणी कंबरेवर पडतं. मी सहाव्या दिवशी पाहिलं होतं, पण सांगितलं नाही. माझी शेतीही नाही." एका दमात त्याने सगळं सांगून टाकलं. छाती हलकी झाली त्याची.

मग मागून कुणीतरी, बहुधा सहज, म्हणालं, "म्हणजे मावशी खोटं बोलल्या?"

आणि आता हसू आलं सगळ्यांना. फार मोठं नाही, वाईटही नाही, हॉलमधला ताण गेला की येतं तसं हसू. सगळ्यांच्या नजरा भागुबाईकडे वळल्या. तिने कुंदनकडे पाहिलं, आणि तिला काही समजेना. काय चुकलं आपलं? त्याच्यासाठीच तर बोललो. मग तिला समजलं. तिचा चेहरा गळ्यापासून तांबडा होत गेला. तिने पट्टे सोडवले, 'इरा' टेबलावर ठेवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. कुंदनने हे पाहिलं तेव्हा आपण काय केलं ते त्याला कळलं, पण तोवर मॅडम त्याच्यासमोर येऊन उभ्या होत्या.

"आज सकाळपासून मी बावीस प्रोजेक्ट पाहिले," त्या म्हणाल्या, "कुणीही आपली चूक सांगितली नाही. याला धाडस लागतं. वस्तू पुन्हा नव्याने करता येते, प्रामाणिकपणा शिकवता येत नाही." त्यांनी त्याचा हात हातात घेतला. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आधीपेक्षा जोरात. कुंदनला म्हणायचं होतं की मॅडम, हात सोडा. म्हणायचं होतं की ती बाई खोटी नाही, खोटा मी आहे, तिला बसायला तरी कुणी खुर्ची द्या. त्याच्या तोंडून आलं ते "थँक यू, मॅडम."

संध्याकाळी यादी लागली. कुंदन पहिला.

नाशिक रोडला गाडीला वेळ होता. बाकावर दोघं बसली होती, मध्ये तो भाकरीचा डबा. कुंदनने चहा आणला. भागुबाईने तो बशीत ओतला आणि तशीच धरून बसली.

"त्या बाईनं माझं नाव लिवलं का रं वहीत?" तिने विचारलं. "खोटी म्हून?"

"नाही, मावशी. नाही लिहिलं."

"पंधरा वर्सं तुमच्या क्वाटरात माल इकते. आजवर मला कुनी खोटी नाय म्हनलं." ती चिडून बोलत नव्हती. हरवलेली वस्तू कशी होती ते सांगावं, तशी सांगत होती. "त्येवढ्या मान्सांत खोटी पाडलीस बाळ्या मला."

कुंदनला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माफ कर म्हणावं तर तो शब्द फारच चिल्लर वाटला. तो चपलांकडे बघत राहिला.

"पर पास झाला ना?"

"हो." मग पुढचंही सांगणं भाग होतं. "पहिला आलो."

"हां!" तिचा चेहरा खरोखर उजळला. "मंग झालं तर." आणि तिने चहा पिऊन टाकला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं. न विचारता राहवेना. "मावशी, रोज भिजत होतीस. मग कागदावर रोज हसरंच तोंड का दाबलंस? मी खरं खरं सांग म्हटलं होतं."

एवढं शिकून याला एवढंही कळू नये, अशा नजरेने भागुबाईने त्याच्याकडे पाहिलं. "मंग काय रडकं दाबू? तूच म्हनला ना, तुझं मार्क यावर. पोराच्या परीक्षेच्या कागदावर रडकं तोंड उमटवायचं व्हय? कोन आईबाप करंल आसं? दिवसभर चिखलात आसल्याला हात आधी धुवायची, शाई लावायची, तुझं नाव घ्यायची, आन् मंग दाबायची. म्हनलं, जितकी हसरी तितकं मार्क."

गाडीची घोषणा झाली. तिने डबा उघडून भाकरी त्याच्या हातात दिल्या आणि रिकामा डबा पिशवीत घातला. उठता उठता, बाजारात भाव विचारावा इतक्या साधेपणाने, ती म्हणाली, "येत्या आवणीला म्या काय घालू, त्ये सांग."

"मी जोडून देतो तुझं इरलं, मावशी. नंबर घातलेत सगळ्या कामट्यांना."

"उसवल्यालं इरलं जोडत नाय कुनी. नवं इनायचं आसतं." ती जरा थांबली. "आन् इननारा बारकू." एवढं बोलून तिने पिशवी उचलली.

गाडी आली. तिला खिडकीशी जागा मिळाली. कुंदन भाकरी हातात धरून खाली उभा होता, आणि त्याचं तोंड कसं झालं होतं ते त्याला माहीत नव्हतं. पण तिला दिसत होतं. गाडी हलली तशी तिने गजांतून हात बाहेर काढून त्याच्या गालाला लावला. अंगठ्याला शाईचा वास नव्हता, पण कुंदनला तो आला.

"हस की रं, पयला आलास," भागुबाई म्हणाली. "धा दिली तुला म्या. येक तरी दाव."

गाडी पुढे गेली. ती खिडकीतून वळून वळून बघत होती, हसण्याची वाट पाहत. कुंदनने ओठ ताणले, पण ते तोंड हसरं झालं नाही, आणि तेवढ्यात खिडकी लांब गेली.